आरोग्याच्या अनुदानात माणसांचा पगार धरा : कोल्हापूरच्या उद्योगांना आणि सहकारी संस्थांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापूर जिल्ह्यातील उद्योगांच्या सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) समित्या,
तसेच साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, बँका आणि पतसंस्थांची संचालक मंडळे

सप्रेम नमस्कार.

मागणी आधी सांगते, कारणं मागून येतील. आरोग्याच्या कामासाठी तुम्ही जो पैसा देता, त्यातला मोठा वाटा गावात आणि वस्तीत प्रत्यक्ष फिरणाऱ्या माणसांच्या पगारासाठी द्या. आणि तो एका वर्षापुरता नको, सलग तीन वर्षं द्या. मी जिल्ह्यातल्या एका छोट्या आरोग्य संस्थेत काम करते, पण हे पत्र एका संस्थेचं नाही. शिरोळपासून चंदगडपर्यंत बाराही तालुक्यांत अशा लहान संस्था, महिला मंडळं, तालमी आणि तरुण मंडळं आहेत. कुणी टीबीच्या रुग्णांच्या मागे फिरतं, कुणी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतं, कुणी धनगरवाड्यावरच्या बाळंतिणींकडे जातं. त्या सगळ्यांशी बोलताना तीच एक अडचण पुन्हा पुन्हा समोर येते.

तुमच्या दातृत्वाबद्दल माझ्या मनात शंका नाही. कोल्हापूरला देण्याची सवय आहे. महापूर आला की भाकरी, कपडे, औषधं यांचे टेम्पो भरून निघतात, पेठेपेठेत रक्तदानाला रांगा लागतात, सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी घरचं जेवण घेऊन जाणारी माणसं या शहरात आहेत. प्रश्न किती देतो हा नाही, कशासाठी देतो आणि कधी देतो हा आहे.

आज आरोग्याच्या नावाने येणारा पैसा बहुतेक चार गोष्टींवर जातो: यंत्र, रुग्णवाहिका, शिबिर आणि किट. या गोष्टी निरुपयोगी आहेत असं मी म्हणणार नाही. सोनोग्राफीचं यंत्र हवं असतं, गाडीही हवी असते. पण त्या वस्तूला चालवणारं माणूस कोण, त्याचा पगार कुठून येणार, हा प्रश्न देणगी देताना फार क्वचित विचारला जातो. माझ्या ओळखीच्या एका मंडळाला चांगली रुग्णवाहिका मिळाली होती. चालकाचा पगार, डिझेल, विमा आणि टायर यांची सोय कुणीच केली नव्हती. मंडळातल्या पोरांनी वर्गणी काढून काही काळ ती ओढली, नंतर गाडी शेडमध्ये उभी राहिली. त्या पोरांना मी कधीच दोष देणार नाही.

शिबिराचं थोडं सविस्तर बोलू द्या, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त मागणी त्याचीच येते. जानेवारी-फेब्रुवारीत फोन सुरू होतात. मार्चअखेर खर्च व्हायला हवा, एखादं मोठं आरोग्य शिबिर बसवता येईल का, अशी विचारणा असते. शिबिर होतं. समाजमंदिरात टेबलं मांडली जातात, बीपी आणि शुगर तपासली जाते, फलक आणि फोटो होतात. समजा, कागल तालुक्यातल्या एखाद्या गावात एका बाईचं बीपी वाढलेलं निघालं. तिला आठ-पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात आणि पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन गोळ्या चालू ठेवा असं सांगितलं जातं. गोळ्या केंद्रात मोफत मिळतात, हे खरं. पण केंद्रात जायचं म्हणजे एक दिवसाची भांगलण, म्हणजे खुरपणीची मजुरी, बुडवायची. बीपी दुखत नाही, खुपत नाही. "आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?" हे वाक्य आम्ही इतक्या उंबऱ्यांवर ऐकलं आहे की ते कुणाच्या तोंडून निघणार हे आता चेहऱ्यावरून कळतं. दोन वर्षांनी तिला अर्धांगवायू होतो. मग सीपीआर, मग फिजिओथेरपी, मग म्हैस विकणं, मग सोसायटीचं कर्ज थकणं. दवाखान्यात दाखल झाल्यानंतरच्या बऱ्याचशा खर्चाला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. पण तिला दाखल व्हावंच लागू नये म्हणून दर महिन्याला तिच्या दारात जाऊन गोळी चालू आहे का, मीठ कमी केलं का, हे विचारणाऱ्या बाईच्या पगाराला मात्र पैसे कुणाकडेच नाहीत. शिबिराच्या मंडपावर होणाऱ्या खर्चात त्या बाईचे कितीतरी महिने निघाले असते.

आशा स्वयंसेविका आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि त्या नसत्या तर खेड्यातलं आरोग्य कधीच कोलमडलं असतं. पण लसीकरण, गरोदर मातांची नोंद, बाळाच्या गृहभेटी, सर्वेक्षणामागून सर्वेक्षण, ऑनलाइन नोंदी हे सगळं एकट्या आशाताईवर आहे, आणि तेही मानधनावर आणि कामावर आधारित मोबदल्यावर. तिच्या बरोबरीने उभं राहणारं दुसरं माणूस गावातल्या संस्थेनेच द्यायचं असतं.

पांडुरोगाचं उदाहरण घ्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा 48 होता, म्हणजे परिस्थिती बिघडली. लोहाच्या गोळ्या सरकार पुरवतं. मग अडतं कुठे? गोळीने मळमळतं, पोट जड होतं, शौचाला काळं होतं, बाई घाबरते आणि गोळ्यांची पट्टी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. तिला कुणीतरी सांगायला हवं की रात्री जेवणानंतर घे, चहाबरोबर घेऊ नको, काळं झालं तरी भ्यायचं कारण नाही. आणि हे एकदा सांगून भागत नाही. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वर येऊ लागतं, पण शरीरातला लोहाचा साठा भरायला त्यानंतरही महिने लागतात. बरोबर याच टप्प्यावर थकवा कमी होतो म्हणून बाया गोळी सोडतात. औषध आहे, पुरवठा आहे, ज्ञान आहे. कमी आहे ते दार वाजवणारं माणूस.

टीबीचंही तेच. सरकारच्या टीबी कार्यक्रमात निक्षय मित्र म्हणून तुमच्यापैकी अनेकांनी रुग्ण दत्तक घेतले, पोषणाचे किट दिले. ते काम मोलाचं आहे, कारण टीबीत अन्न हे औषधाइतकंच लागतं. पण इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, बाहेरच्या राज्यातून आलेला, खोलीत सहा जणांबरोबर राहणारा कामगार दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात बरं वाटू लागलं की गोळ्या सोडतो किंवा गावाला निघून जातो. साधा टीबीसुद्धा किमान सहा महिने औषध मागतो. किट महिन्यातून एकदा जातं. मध्ये त्याच्या खोलीवर जाऊन, सोबत्यांचीही तपासणी करून, गावाला जात असेल तर तिथल्या केंद्राशी जोडून देणारं कुणीतरी लागतं, आणि हे काम फावल्या वेळात होत नाही.

उद्योजकांना आणखी एक गोष्ट खास सांगायची आहे, कारण ती तुमच्या आवारातली आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत इथल्या फाउंड्र्यांनी, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांनी, कोल्हापूरचं नाव देशभर नेलं. त्याच फाउंड्रीत साचा फोडताना आणि कास्टिंग घासताना सिलिकाची बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षं फुफ्फुसात साचली की सिलिकोसिस होतो. तो बरा करणारं औषध नाही. त्याची लक्षणं टीबीसारखी असतात आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त, त्यामुळे कामगार टीबीच्या गोळ्यांचे एकामागून एक कोर्स घेत राहतो आणि मूळ कारण धुळीत आहे हे कुणी विचारतच नाही. लहान युनिटमध्ये ठेकेदाराकडे काम करणाऱ्याची नोंद बहुधा नसते. तो नोकरी सोडून गावी गेला की कारखान्याच्या हिशेबातून संपतो. अशा माणसांना गावोगाव शोधून, त्यांच्या कामाचा इतिहास लिहून घेऊन योग्य तपासणीपर्यंत नेणं हे स्थानिक संस्थेचं काम आहे. त्याचा चांगला फोटो निघत नाही. पण जिल्ह्यातल्या उद्योगाच्या पैशावर पहिला हक्क कुणाचा, असं मला विचाराल तर मी या माणसांचं नाव घेईन.

आता महापूर. 2005, 2019, 2021. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं कित्येक दिवस पाण्यात होती. त्या दिवसांत मदतीला काही कमी नव्हतं. बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, ब्लँकेट इतकी आली की ठेवायला जागा पुरेना. कमी होती ती माहिती. कोणत्या गल्लीत नववा महिना भरलेली बाई आहे? कुणाचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं? इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवणारी घरं कोणती, कारण वीज गेली की ते खराब होणार? कोणत्या माडीवर लकवा झालेलं माणूस आहे, ज्याला बोटीत उतरवायला चौघं लागतील? ज्या गावात एखाद्या संस्थेच्या कार्यकर्तीच्या वहीत ही यादी होती, तिथे बोट थेट त्या दारात गेली. जिथे नव्हती, तिथे आधी धडधाकट लोक बाहेर आले.

ती यादी पुरात तयार होत नाही. ती एप्रिल-मे महिन्यांत उन्हातान्हात घरोघर फिरून करायची असते आणि जून संपताना पुन्हा तपासायची असते, कारण तोवर कुणी बाळंत झालेलं असतं, कुणी वारलेलं असतं, कुणी लेकीकडे गेलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत या कामाला पैसे मागायला गेलं की 'बजेट अजून ठरायचंय' असं उत्तर मिळतं. ऑगस्टमध्ये पाणी चढलं की न मागता सगळे देतात. आणि पाणी उतरल्यावर, जेव्हा चिखलात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो, बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, विहिरींचा उपसा करून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायची असते, भिजलेल्या घराकडे पाहत बसलेली म्हातारी माणसं बोलेनाशी होतात, तेव्हा टेम्पो परत गेलेले असतात. पुराच्या आधीचे तीन महिने आणि पुरानंतरचे सहा महिने, हे नऊ महिने सांभाळायला तुमचा पैसा हवा आहे. मधल्या आठवड्याची काळजी अवघा महाराष्ट्र करतो.

पाण्याविषयी एवढंच सांगते. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर स्त्रियांसाठी फार घातक असते. नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट करून क्लोरीन उतरतंय का हे पाहायला काही मिनिटं लागतात आणि साहित्य अगदी स्वस्त आहे. महाग आहे ते रोज ठरलेल्या ठिकाणी जाणं, नोंद ठेवणं आणि क्लोरीन न दिसल्यास ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत जाऊन आग्रह धरणं. गल्लीतल्या दोन मुलींना याचं प्रशिक्षण आणि नियमित मानधन दिलं तर हे होतं. पंचगंगेच्या प्रदूषणावर मोर्चे निघतात, निघायला हवेत. पण नदी स्वच्छ होईपर्यंत नळाच्या टोकाला कुणीतरी उभं असलं पाहिजे.

आता कायद्याचं. अनेक कंपन्यांचे अधिकारी आम्हाला सांगतात की नियमाप्रमाणे पगार आणि कार्यालयीन खर्च पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही. हा समज चुकीचा आहे आणि त्याने जिल्ह्यातल्या लहान संस्थांचं खूप नुकसान केलं आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. सीएसआर नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराच्या खर्चाला आहे. एखाद्या विशिष्ट प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या मर्यादेत धरायचा नाही, असं नियमातल्या व्याख्येतच लिहिलं आहे. आरोग्याच्या प्रकल्पात घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्तीचा पगार ही अंमलबजावणी नाही, तर दुसरं काय आहे? तीच तर प्रकल्प आहे. तुमच्या चार्टर्ड अकाउंटंटना ही व्याख्या एकदा मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरा समज 31 मार्चचा. पैसा त्याच आर्थिक वर्षात संपवलाच पाहिजे, म्हणून शिबिरं आणि किट. पण कायद्यात चालू प्रकल्पाची सोय आहे. प्रकल्प बहुवर्षीय म्हणून मंजूर केला तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन आर्थिक वर्षं तो चालवता येतो, आणि त्या वर्षी न खर्चलेली त्या प्रकल्पाची रक्कम वर्ष संपल्यापासून 30 दिवसांच्या आत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येते. साखर कारखान्याच्या संचालकांना तर हे समजावून सांगायलाच नको. जुलै-ऑगस्टात लावलेला आडसाली ऊस तोडीला यायला दीड वर्ष लागतं; मधे मार्च आला म्हणून कुणी उभा ऊस कापत नाही. बाळाचे पहिले एक हजार दिवस, टीबीचा कोर्स, एखाद्या गावाला गोळ्या नियमित घ्यायची लागणारी सवय, यांतलं काहीही एप्रिल ते मार्च या चौकटीत बसत नाही. एका वर्षाच्या प्रकल्पात पहिले काही महिने करारात जातात, मग माणूस नेमायचं, त्याला शिकवायचं, गावात त्याची ओळख व्हायची. बायका मनातलं बोलू लागतात तेव्हा प्रकल्प संपल्याचं पत्र येतं. ती कार्यकर्ती गावातल्या पतसंस्थेत किंवा कापडाच्या दुकानात नोकरीला लागते. पुढच्या वर्षी नव्या प्रकल्पासाठी नवी मुलगी त्याच दारात गेली की घरातली म्हातारी विचारते, आधीची कुठं गेली गं? तिला सांगितलेलं सगळं आता तुला पुन्हा सांगू काय?

सहकारी संस्थांना कलम 135 लागू नाही, पण सहकाराकडे स्वतःची वाट आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 69 नुसार राखीव निधी वगैरेंची तरतूद झाल्यावर, कायद्याच्या अटी पाळून, निव्वळ नफ्याच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम सहकारी किंवा धर्मादाय कामासाठी बाजूला ठेवता येते. या जिल्ह्यात गाव तिथे दूध संस्था आहे, विकास सोसायटी आहे, पतसंस्था आहे. सभासदांच्या घरातल्या बायकांचं रक्त कमी आहे आणि सभासदाची आई लकव्याने पडून आहे, ही सहकाराचीच गोष्ट आहे. म्हशीच्या आजाराला संघाचा डॉक्टर गोठ्यात येतो, ही व्यवस्था तुम्हीच उभी केलीत आणि ती उत्तम चालते. तीच निष्ठा घरातल्या माणसांच्या वाट्याला यावी, एवढं मागायचा हक्क दूध घालणाऱ्या बाईला नक्की आहे.

यातून एक वाट सुचवावीशी वाटते. कंपनीचा सीएसआर निधी घ्यायचा तर संस्थेकडे प्राप्तिकराची 12ए आणि 80जी नोंदणी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडचा सीएसआर-1 क्रमांक आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. अनुभव हवा तर आधी काम हवं, आणि कामाला पैसा हवा. गडहिंग्लज किंवा आजऱ्याच्या एखाद्या महिला मंडळाने हे चक्र कसं भेदायचं? तिथे सहकाराने पहिला हात द्यावा. तालुक्यातल्या पतसंस्था, बँका, कारखाना यांनी मिळून छोटा निधी करावा आणि नोंदणी झालेल्या पण नवख्या संस्थांना पहिली तीन वर्षं सांभाळावं. त्यात दोन-तीन कार्यकर्त्यांचा पगार असावा, हिशेब लिहायला अर्धवेळ माणूस असावं, लेखापरीक्षणाचं शुल्क असावं. तीन वर्षांनी ती संस्था कंपनीच्या दारात स्वतःच्या पायांवर उभी राहील, आणि कंपनीलाही तपासून पाहिलेली संस्था मिळेल. पूर्वी मोठ्या संस्था परदेशी देणगीतून लहान संस्थांना वाटा देत असत. एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर असं हस्तांतर बंद झालं. तो आधार गेल्यापासून खेड्यातल्या संस्था अधिकच एकट्या पडल्या आहेत, म्हणून स्थानिक पैशाची गरज आज पूर्वीपेक्षा मोठी आहे.

या मातीत हे नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी करायला बळ दिलं. जागा दिल्या, इमारतींना मदत केली आणि त्यापुढे जाऊन वार्षिक अनुदानं बांधून दिली. कारभार मात्र त्या त्या समाजातल्या मंडळींच्या हाती ठेवला. बोर्डिंग इमारतीने चालत नाही, तिथल्या रोजच्या जेवणाने आणि देखरेख करणाऱ्या माणसाने चालतं, हे महाराजांना ठाऊक होतं. त्यांतली कित्येक बोर्डिंगं शंभर वर्षांनंतरही उभी आहेत. दसरा चौकात जाऊन पाहा.

अर्जाबद्दलही बोललं पाहिजे. इंग्रजीतला तीस-चाळीस पानी प्रस्ताव, पोर्टलवर अपलोड करायची डझनभर कागदपत्रं, मागच्या वर्षांची मोठी उलाढाल दाखवायची अट. या गाळणीतून पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक संस्था सहज पार होतात. त्यांचं काम चांगलंच असतं, पण शाहूवाडीच्या धनगरवाड्यावर पावसाळ्यात पेशंटला झोळीत घालून खाली आणावं लागतं तेव्हा त्यांचं कुणी तिथे नसतं. अर्ज मराठीत घ्या, चार पानांत घ्या. आणि कागद वाचण्याआधी एक दिवस त्या गावात या. कार्यकर्तीबरोबर पाच घरं फिरलात तर संस्था खरी आहे की कागदावरची, हे तुम्हाला कुठल्याही अहवालापेक्षा लवकर कळेल.

कागदावरच्या संस्था आहेत, हे मी नाकारत नाही. त्यांच्यामुळे तुमचा विश्वास उडालेला असतो आणि त्याची किंमत प्रामाणिक माणसं मोजतात. म्हणून हिशेब कडक मागा. दर तिमाहीला खर्चाचं पत्रक मागा, पगार थेट बँक खात्यात झाला का ते तपासा, कार्यकर्तीची घरभेटीची वही उघडून पाहा. फक्त मोजायचं काय, ते बदला. शिबिराला किती माणसं आली, किती किट वाटले, हे आकडे मोठे दिसतात, पण त्यांतून आरोग्याबद्दल काहीच कळत नाही. गेल्या वर्षी बीपी निघालेल्यांपैकी आज किती जण गोळी घेतात आणि कितींचं बीपी आटोक्यात आहे, हे विचारा. टीबीचे किती कोर्स पूर्ण झाले, ते विचारा. गरोदर बायकांपैकी बाळंतपणाच्या वेळी किती जणींचं हिमोग्लोबिन अकराच्या वर होतं, ते विचारा. ही उत्तरं सुरुवातीला लहान आणि कधीकधी निराश करणारी असतील. ती तशीच खरी सांगण्याची मोकळीक आम्हाला द्या. आकडा खाली आला म्हणून अनुदान बंद झालं तर पुढच्या वेळी कुणीच खरा आकडा सांगणार नाही.

पगाराचा आकडा किती धरायचा, हेही स्पष्ट करते, कारण 'सेवाभावी' म्हटलं की माणसाने अर्ध्या पगारात राबावं अशी अपेक्षा असते. बारावी-पदवी झालेली, गावातलीच, स्कूटर चालवणारी मुलगी एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला गेली तर जे मिळवते, त्यापेक्षा कमी तिला देऊ नका. पेट्रोल वेगळं द्या. विमा काढा, बाळंतपणाची रजा द्या. दुसऱ्यांच्या बाळंतपणाची काळजी घेणाऱ्या मुलीला स्वतःच्या बाळंतपणात काम सोडावं लागणं मला लाजिरवाणं वाटतं. या मुली टिकल्या तर काम टिकेल. तीन वर्षांत त्या इतक्या तयार होतात की आरोग्य केंद्रातले डॉक्टर त्यांना विचारून गावाचं नियोजन करतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

म्हणून विनंती अशी. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक मंजूर होण्याआधी, डिसेंबर-जानेवारीत, एक बैठक बोलवा. उद्योगांच्या संघटना, कारखाने, दूध संघ, बँका एका बाजूला आणि बाराही तालुक्यांतल्या लहान आरोग्य संस्था दुसऱ्या बाजूला. जिल्हा परिषदेचे आरोग्य अधिकारी आणि महापालिकेचे वैद्यकीय अधिकारी असावेत, म्हणजे कोणत्या गावात कशाची गरज आहे आणि कुठे काम दुहेरी होतंय, हे समोरासमोर ठरेल. सुरुवात लहान करा. एका तालुक्यात एक संस्था, दोन-तीन कार्यकर्त्या, तीन वर्षं. पहिला तालुका शिरोळ धरा, कारण पूर कुणाची वाट पाहत नाही. दुसरा शाहूवाडी किंवा चंदगड, जिथे रस्ता संपल्यावर वस्ती सुरू होते. तिसरं काम फाउंड्री कामगारांचं, आणि ते उद्योगांनीच उचलावं.

बैठकीला आम्ही येऊ. येताना घरभेटीच्या वह्या, बँकेची पासबुकं आणि लेखापरीक्षणाचे अहवाल घेऊन येऊ, आणि तुमच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊ. तारीख आणि जागा तेवढी कळवा.

आपली नम्र,
कोल्हापूर जिल्ह्यातील एक आरोग्य कार्यकर्ती